तुरट, आंबट आणि कडू : रेड वाइनविषयी वाचकांचे प्रश्न

रेड वाइनचा आस्वाद कसा घ्यावा, याविषयी वाचकांनी पाठवलेल्या पत्रांपैकी निवडक पत्रांना या अंकात उत्तरे दिली आहेत. बरीचशी पत्रे एकाच तक्रारीभोवती फिरत असल्याने पहिल्या प्रश्नाला जास्त जागा दिली आहे. काही उत्तरे त्या मानाने आटोपशीर आहेत.

प्रश्न : नाशिकच्या सहलीत एका वायनरीत रेड वाइन चाखली. द्राक्षांच्या मुलखातला माणूस असल्याने थोडे तरी गोड लागेल अशी अपेक्षा होती. पण पहिल्याच घोटाला घसा धरला आणि जीभ खरखरीत झाली. शेजारची मंडळी मात्र माना डोलावत होती. वाइन खराब होती, की माझी जीभ?
— एक वाचक, सांगली

उत्तर : वाइन बहुधा चांगलीच असावी, आणि आपली जीभ तर फारच प्रामाणिक आहे; तिने जे नोंदवले ते शेजारच्या मंडळींनाही जाणवले असणार, फक्त त्यांनी ते बोलून दाखवले नाही.

आधी गोडीचे पाहू. द्राक्षाच्या रसातील साखरेपासून यीस्ट अल्कोहोल आणि कार्बन डायऑक्साइड तयार करते. जवळपास सगळी साखर संपेपर्यंत रस आंबू दिला की हाती येणाऱ्या वाइनला ‘ड्राय’ म्हणतात, आणि जगातील बहुतेक रेड वाइन याच प्रकारात मोडतात. वाइनच्या द्राक्षात तोडणीच्या वेळी खाण्याच्या द्राक्षापेक्षा साखर अधिकच असते, हे सांगलीकराला चमत्कारिक वाटेल; पण ती बाटलीत पोहोचण्याआधीच खर्ची पडलेली असते. आपल्याकडे या घोटाळ्यात ‘पोर्ट’ या नावाची भर पडते. पोर्तुगालमधील दोरू नदीच्या ज्या खोऱ्यातून खरी पोर्ट येते, त्याच्या सीमा १७५६ सालीच आखून दिल्या गेल्या. तेथे रस अर्धवट आंबलेला असतानाच त्यात द्राक्षाची ब्रँडी मिसळतात, त्यामुळे यीस्टचे काम थांबते आणि उरलेली साखर वाइनमध्येच राहते. गोव्यात आणि महाराष्ट्रात पोर्ट म्हणून मिळणाऱ्या स्वस्त बाटल्यांचा त्या खोऱ्याशी नावापुरताच संबंध असतो, पण गोडी मात्र तोंडाला मिठी बसेल इतकी असते. ज्याची रेड वाइनशी पहिली ओळख अशा बाटलीतून झाली, किंवा नुसती ऐकीव राहिली, त्याला ड्राय वाइनचा पहिला घोट फसवणुकीसारखा वाटतो.

आता मुख्य तक्रार. ‘घसा धरला’ असे आपण लिहिले आहे. कोकणात काजूचे बोंड खाल्ल्यावर लोक हेच शब्द वापरतात, आणि वाइनच्या बाबतीतही ते अगदी नेमके आहेत. इंग्रजी बोलणारे नवशिके या संवेदनेलाही ‘ड्राय’ म्हणतात आणि साखर नसणे व तोंड कोरडे पडणे या दोन निराळ्या गोष्टींची गल्लत करतात. मराठी माणसाला तशी गल्लत करण्याचे कारण नाही, कारण त्याच्याजवळ ‘तुरट’ हा रोजच्या वापरातला शब्द आहे. आयुर्वेदाने सहा रसांमध्ये कषाय म्हणजेच तुरट हा स्वतंत्र रस मानला आहे, आणि हिरडा, सुपारी, जांभूळ, कच्चे केळे, नीट न पिकलेला चिकू यांमुळे आपल्या घरातल्या लहान मुलालाही तो ठाऊक असतो. आधुनिक शरीरशास्त्र मात्र तुरटपणाची गणना चवीपेक्षा स्पर्शात करते. वाइनमधील टॅनिन हे घटक लाळेतील प्रथिनांना पकडून त्यांचा साका करतात, लाळेचा गुळगुळीतपणा कमी होतो, आणि जीभ, गाल व हिरड्या एकमेकांवर घासू लागतात. आपल्याला जीभ खरखरीत वाटली, ती अलंकारिक अर्थाने नव्हे.

हे टॅनिन येतात प्रामुख्याने सालीतून आणि बियांतून, काही प्रमाणात ओकच्या लाकडी पिंपांतून. बहुतेक काळ्या द्राक्षांचा रस पांढराच असतो. रेड वाइन करताना तो साल आणि बियांसकट काही दिवस आंबवतात, म्हणून त्यात रंगही उतरतो आणि तुरटपणाही. खाण्याच्या द्राक्षाचा मणी मोठा, पातळ सालीचा आणि बिनबियांचा व्हावा म्हणून आपला बागायतदार जिवाचे रान करतो. कॅबर्ने सोव्हिन्यों किंवा शिराझ या वाइनच्या वाणांचा मणी याच्या अगदी उलट, म्हणजे लहान, जाड सालीचा आणि बियांचा असतो.

काही वर्षांपूर्वी फेब्रुवारीतल्या एका सकाळी दिंडोरी तालुक्यातील एका बागेत तोडणीपूर्वीची पाहणी बघायला मिळाली होती. वाइनमेकरने साखर मोजण्याचे यंत्र खिशातच राहू दिले, शिराझचा एक मणी तोंडात टाकला, साल दाढेखाली बराच वेळ चघळली आणि बी तळहातावर काढून बागायतदारासमोर धरली. बी अजून हिरवट होती. ‘साखर आलीय, बी आली नाही. चार दिवस थांबू,’ एवढेच तो म्हणाला. बागायतदाराच्या कपाळावर आठी उमटली, आणि ती समजण्यासारखी होती, कारण फेब्रुवारीत ऊन चढू लागले की साखर वाढत जाते, आंबटपणा उतरतो, मणी सुकू लागतात, आणि त्याचे पैसे तर वजनावर ठरतात. वाइनमेकरचा हट्टही बरोबर होता. हिरव्या बीचा तुरटपणा कडवट आणि ओरखडे काढणारा असतो, तर तपकिरी, दाताखाली कुरकुरणाऱ्या बीचा तुरटपणा मऊ असतो. आपण चाखलेली वाइन यांपैकी कोणत्या प्रकारची होती, हे आपणच पुढच्या वेळी ओळखू शकाल. त्यासाठी आधी घरी एक प्रयोग करावा.

तीन पेले घ्यावेत. एकात साखर न घातलेले कोकमाचे पाणी, दुसऱ्यात पंधरा मिनिटे मुरवलेला, बिनसाखरेचा कोरा चहा आणि तिसऱ्यात कारल्याचा पातळ रस असावा. कोकमाने जिभेच्या कडांना आणि जबड्याच्या कोपऱ्यांत लाळ सुटते, तो आंबटपणा. चहाने नेमके उलटे होते, लाळ आटल्यासारखी वाटते आणि वरचा ओठ हिरडीला चिकटतो, तो तुरटपणा. कारल्याचा कडूपणा घोट गिळल्यानंतरही मागे रेंगाळतो. रेड वाइनच्या एका घोटात या तिन्ही गोष्टी एकदम येतात आणि सवय नसलेल्या माणसाला त्यांचा मिळून एकच ‘वाईट लागते’ असा ठसा उमटतो. त्या सुट्या करता आल्या की अर्धे काम झाले. मग त्या चहात दोन चमचे दूध घालून पुन्हा चाखावे: तुरटपणा एकदम निवळलेला आढळेल, कारण टॅनिनना पकडायला आता लाळेऐवजी दुधातील प्रथिने मिळाली. रेड वाइनबरोबर चीज किंवा मटण देण्यामागचे कारण तेच आहे.

प्रश्न : वाइन चाखण्याच्या कार्यक्रमात मार्गदर्शकाने ग्लास तिरका धरणे, फिरवणे, नाक खुपसणे, खुळखुळवणे आणि शेवटी थुंकणे असा बराच विधी करायला लावला. मला त्यातला बराचसा भाग नाटकी वाटला. त्यातले खरोखर उपयोगाचे काय?
— एक वाचिका, ठाणे

उत्तर : आपल्या शंकेला आधार आहे, पण नाटक समजून सगळेच टाकून देऊ नये.

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरला की कडेचा रंग दिसतो. तरुण रेड वाइनची कड जांभळट असते आणि वय वाढेल तशी ती विटकरी होत जाते. ही माहिती खरी आणि उपयोगाची आहे. काचेवरून ओघळणाऱ्या धारांकडे बोट दाखवून ‘बघा, काय दर्जा आहे’ असे कोणी म्हटले, तर मात्र ते कानाआड करावे. काचेवरच्या पातळ थरातून अल्कोहोल आधी उडून जाते, राहिलेल्या द्रवाचा पृष्ठताण वाढतो, तो खालची वाइन वर ओढतो आणि तिचे थेंब होऊन ओघळतात, हे स्पष्टीकरण शास्त्रज्ञ जेम्स थॉमसन यांनी १८५५ सालीच दिले आहे. त्या धारांवरून फार तर अल्कोहोलचा अंदाज येतो, आणि तो आकडा लेबलवर छापलेलाच असतो.

खरे महत्त्व आहे ते वासाला. ग्लास फिरवल्याने वाइनचा पृष्ठभाग वाढतो आणि वास मोकळा होतो. म्हणून एकदा न फिरवता आणि एकदा फिरवून, असे दोनदा हुंगावे. लांबलचक श्वास ओढण्यापेक्षा दोन-तीन आखूड श्वास घ्यावेत, कारण नाक एकाच वासाला फार लवकर सरावते. अत्तराच्या दुकानात चौथ्या कुपीनंतर काहीच कळेनासे होते, तसेच हे आहे.

तोंडातले खुळखुळवणेही निरर्थक नाही. आपण ज्याला चव म्हणतो तिचा मोठा भाग हा घशाच्या मागच्या वाटेने नाकात पोहोचणारा वास असतो. नाक चिमटीत धरून बडीशेप चावून पाहावी: किंचित गोड आणि कोरडा भुसा एवढेच जाणवते. चिमूट सोडताच बडीशेप ‘येते’. वाइन तोंडभर फिरवून, ओठांतून थोडी हवा आत ओढली की हीच वाट उघडते. चूळ भरल्याचा आवाज होतो खरा, आणि पंगतीत कोणी तसे केले तर ते शोभणार नाही, पण चाखायला बसलेल्यांनी तेवढा संकोच बाजूला ठेवायला हरकत नाही. जिभेच्या टोकाला गोड आणि मागे कडू असा नकाशा शाळेत शिकवला जात असे. तो चुकीचा आहे. सगळ्या चवी जिभेवर सगळीकडे कळतात, त्यांची तीव्रता थोडीफार कमीजास्त असेल इतकेच. कारल्याचा कडूपणा मागे रेंगाळतो असे मी वर लिहिले, ते काळाबद्दल आहे, नकाशाबद्दल नाही.

थुंकण्याबद्दल एवढेच सांगतो, की सकाळच्या बैठकीत तीस-चाळीस वाइन तपासणारा माणूस त्या गिळू लागला तर दहाव्या वाइननंतर त्याच्या मताला किंमत उरणार नाही. ज्या समाजाने पिकदाणीला चांदीचा थाट दिला, त्याला या गोष्टीची लाज वाटण्याचे कारण नसावे.

घोट गिळल्यावर किंवा थुंकल्यावर मनातल्या मनात सेकंद मोजावेत. तोंडात राहिलेला सुवास लगेच विरला, की दहा-पंधरा सेकंद टिकला, आणि शेवटी मागे राहिले ते फळ होते, की नुसता कडवटपणा, यावरून वाइनचा दर्जा जितका कळतो तितका इतर कशानेही कळत नाही, असे माझे मत आहे.

प्रश्न : वाइनची वर्णने वाचली की ब्लॅककरंट, सीडार, व्हायोलेट, ब्लॅकबेरी असे शब्द येतात. यातले बहुतेक पदार्थ मी पाहिलेलेही नाहीत. मग ते वास मला वाइनमध्ये येणार कसे?
— एक वाचक, सावंतवाडी

उत्तर : ते वास आपल्याला त्या नावांनी येणार नाहीत, आणि यायची गरजही नाही. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्राध्यापिका अ‍ॅन नोबल यांनी १९८४ मध्ये वाइनच्या वासांचे एक चक्र तयार केले, ज्यात मध्यभागी ‘फळ’, ‘मसाला’, ‘लाकूड’ असे ढोबळ गट आहेत आणि परिघाकडे जाताना नावे बारीक होत जातात. ‘मोहक’, ‘राजस’ अशी काहीच न सांगणारी विशेषणे टाळून, स्वयंपाकघरात किंवा बाजारात दाखवता येतील अशा वस्तूंची नावे घ्यावीत, हा त्या चक्राचा हेतू होता. डेव्हिसच्या बाजारात ब्लॅकबेरी होती. सावंतवाडीच्या बाजारात करवंदे, जांभळे, रातांबे, काळी मिरी आणि जायफळ आहे. ही काही गरीब यादी नाही.

मी स्वतः शिराझसाठी जांभूळ आणि काळी मिरी, फार उन्हात पिकलेल्या द्राक्षांच्या वाइनसाठी काळी मनुका, ओकमध्ये ठेवलेल्या वाइनसाठी लवंग आणि ओले खोबरे, आणि जुन्या होत चाललेल्या वाइनसाठी नव्या कोल्हापुरी चपलेचा किंवा पानपुड्यातल्या तंबाखूचा वास असे शब्द लिहितो. त्यांतले काही शब्द केवळ उपमा नाहीत. शिराझमधील मिरीचा वास ज्या रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो, तेच द्रव्य मिरीच्या दाण्यातही असते, हे ऑस्ट्रेलियातील संशोधकांनी २००८ मध्ये दाखवून दिले. आणि सुमारे एक पंचमांश लोकांना त्याचा वास येतच नाही, असेही त्यांना आढळले. तेव्हा शेजाऱ्याला मिरी आली आणि आपल्याला आली नाही, तर वाद घालू नये. कॅबर्ने सोव्हिन्योंमध्ये, विशेषतः द्राक्षे पुरती पिकली नसतील तर, ढोबळी मिरची चिरल्यासारखा हिरवा वास येतो, तोही ढोबळ्या मिरचीतल्याच द्रव्याच्या कुळातला आहे, आणि लिटरमागे काही अब्जांश ग्रॅम इतक्या अल्प प्रमाणातही तो नाकाला कळतो. व्हॅनिलाचा वास ओकच्या लाकडातून येतो, आणि ओल्या खोबऱ्याचा वास अमेरिकन ओकमध्ये जास्त ठळक असतो.

एक सावधगिरीची सूचना मात्र करावीशी वाटते. फ्रान्समधील बोर्दो येथे वाइनशास्त्राच्या ५४ विद्यार्थ्यांवर केलेल्या आणि २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात व्हाइट वाइनमध्येच वास नसलेला लाल रंग मिसळून ती चाखायला दिली गेली, आणि त्या विद्यार्थ्यांनी तिचे वर्णन रेड वाइनसाठी वापरतात त्या शब्दांत केले. शिकलेल्या नाकांची ही गत, तर लेबल, किंमत आणि यजमानाचा आवेश यांचा आपल्यावर किती परिणाम होत असेल? यावर उपाय घरातच आहे. आपल्याकडे दुकानदार बाटली वर्तमानपत्रात गुंडाळून देतात, ती लोकांच्या नजरेपासून लपवण्यासाठी; तोच कागद तसाच ठेवून, दोन-तीन बाटल्यांवर आकडे टाकून दुसऱ्या कोणाला तरी ओतायला सांगावे आणि प्रत्येकाने न बोलता आपले शब्द लिहून काढावेत. कागद काढल्यावर होणारी चर्चा नेहमीच अधिक खरी असते.

प्रश्न : रेड वाइन फ्रीजमध्ये ठेवू नये, ती खोलीच्या तापमानाला प्यावी, असे सगळे सांगतात. नागपुरात एप्रिल-मे महिन्यांतही हेच करायचे का?
— एक वाचिका, नागपूर

उत्तर : मुळीच नाही. ही ‘खोली’ युरोपातली, घरभर गरम हवा खेळवण्याची सोय येण्यापूर्वीची दगडी भिंतींची खोली आहे, जेथे तापमान १६ ते १८ अंशांच्या आसपास असे. त्या सूचनेचा अर्थ ‘तळघरातून काढलेली बाटली थोडी ऊबदार होऊ द्या’ असा होता. आपण तीच सूचना ३४ अंशांच्या दिवाणखान्यात पाळतो. मीही ती पाळून एकदा मे महिन्यात पाहुण्यांसमोर एक बरी बाटली वाया घालवली आहे. नाकाशी ग्लास नेताच इस्पितळातल्या स्पिरिटसारखा भपका आला आणि फळाचा वास त्याखाली पार दडपून गेला. आपल्याकडे रेड वाइन नावडण्याचे सर्वांत मोठे कारण तिचे तापमान हे आहे, असे मला अलीकडे वाटू लागले आहे.

उन्हाळ्यात बाटली देण्यापूर्वी निदान अर्धा-पाऊण तास फ्रीजमध्ये ठेवावी, किंवा बर्फ घातलेल्या पाण्याच्या बादलीत दहा मिनिटे बुडवावी. कमी टॅनिनची हलकी रेड वाइन १३-१४ अंशांपर्यंत थंड चालते. भारी, तुरट वाइन तेवढी थंड केली, तर तुरटपणा अधिक टोचू लागतो, म्हणून ती १७-१८ अंशांवर थांबवावी. घरी मोजण्याचे साधन नसेल तर बाटली हाताला माठातल्या पाण्यासारखी गार लागली की पुरे. ओतताना ग्लास थोडाच भरावा, म्हणजे राहिलेली वाइन बाटलीत गार राहते.

प्रश्न : आमच्याकडे मटण म्हणजे तांबडा रस्सा. त्यासोबत चांगली, महागडी रेड वाइन आणली. पण दोन्हींची मजा गेली. मटणासोबत रेड वाइन असा नियम आहे ना?
— एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : तो नियम भाजलेल्या, मिठाशिवाय फारसे काही न लावलेल्या मांसासाठी आहे, आणि तेथे तो अचूक आहे: मांसातील प्रथिने आणि चरबी टॅनिनला निवळतात, मीठ त्याचा कडवटपणा कमी करते. तांबड्या रश्श्यात निर्णय मटणाच्या हाती नसतो, तो मिरचीच्या हाती असतो. मिरचीतील कॅप्सेसिन तोंडातील ज्या उष्णतेच्या संवेदकाला चेतवते, त्यालाच अल्कोहोलही डिवचते, म्हणून साडेचौदा टक्क्यांची वाइन रश्श्यावर म्हणजे आगीत तेल. वर तुरटपणाने कोरडी पडलेली जीभ त्या आगीला अधिकच उघडी पडते. महागड्या वाइनमध्ये टॅनिन, ओक आणि अल्कोहोल तिन्ही सहसा जास्त असतात, त्यामुळे तिथे पैसे अधिक घालून नुकसानही अधिक झाले.

रस्सा असेल त्या दिवशी वाइन नसावी, हे माझे मत कोल्हापुरात कोणी अमान्य करणार नाही. हट्टच असेल तर कमी तुरट, कमी अल्कोहोलची आणि चांगली गार केलेली रेड घ्यावी. सुके मटण, खिमा किंवा चुलीवर भाजलेल्या वांग्याचे बेताच्या तिखटाचे भरीत यांच्याशी मात्र शिराझ सुरेख जमते. भरिताच्या धुरकट वासाला तिच्यातली मिरी आपोआप उत्तर देते. टोमॅटो किंवा कोकम घातलेल्या पदार्थाबरोबर वाइनलाही आंबटपणा हवा, नाहीतर ती पचपचीत लागते. सोलापूर जिल्ह्यात अकलूजच्या परिसरात लावलेले सांजोवेसे हे इटालियन वाण तेथे उपयोगी पडते. बांगड्यासारख्या तेलकट माशाबरोबर रेड वाइन टाळावी, कारण वाइनमधले लोह आणि माशाचे तेल मिळून तोंडात उग्र हिवस वास राहतो. पुरणपोळीपुढे कोणतीही ड्राय वाइन आंबट आणि हिणकसच वाटेल.

प्रश्न : आठ वर्षांपूर्वी भावाने परदेशातून आणलेली रेड वाइनची बाटली माळ्यावर जपून ठेवली आहे. वाइन जितकी जुनी तितकी चांगली म्हणतात. आणखी किती वर्षे ठेवावी?
— एक वाचक, पुणे

उत्तर : आज संध्याकाळीच उघडावी. जगात तयार होणाऱ्या बहुतेक वाइन दोन-चार वर्षांत पिऊन संपवण्यासाठीच केलेल्या असतात. दशकभर सुधारत जाणाऱ्या बाटल्या थोड्या, आणि त्यांनाही १२ ते १५ अंशांचे स्थिर तापमान, अंधार व थोडा ओलावा लागतो. माळा ही घरातली सर्वांत तापणारी जागा. आठ पुणेरी उन्हाळे तेथे काढलेल्या बाटलीत फळाऐवजी शिजलेल्या मनुकांचा वास आणि तपकिरी झाक सापडण्याची शक्यता अधिक आहे. बुच उभ्या बाटलीत वाळून आत हवा शिरली असेल, तर व्हिनेगरची आंबट तीव्रताही येईल. तळाशी गाळ दिसला तर घाबरू नये; बाटली आदल्या दिवशी उभी ठेवून वाइन हलकेच निथळून घ्यावी. याउलट ओल्या पुठ्ठ्याचा किंवा पावसाळ्यात भिजलेल्या पोत्याचा कुबट वास आला, तर तो दोष माळ्याचा नसून बुचाचा आहे, आणि तो कितीही वेळ हवेत ठेवून जात नाही. आपल्याकडच्या अनेक बाटल्यांना फिरकीचे झाकण असते, ते या दोषापासून वाचवण्यासाठी. त्याला हलक्या मालाची खूण समजू नये.

भाऊ जवळ राहत असतील तर त्यांनाही बोलवावे. वाइन गेलेली निघाली तरी ‘गेलेली वाइन’ कशी लागते हे दोघांनाही कायमचे कळेल.

प्रश्न : रेड वाइनचा एक ग्लास घेतला तरी माझे डोके दुखते. हा सल्फाइटचा परिणाम का? आणि ती हृदयाला चांगली असते, हे खरे आहे का?
— एक वाचिका, डोंबिवली

उत्तर : सल्फाइट, म्हणजे वाइन टिकावी म्हणून घालतात ते गंधकयुक्त द्रव्य, व्हाइट वाइनमध्ये पुष्कळदा रेडपेक्षा जास्त असते, त्यामुळे फक्त रेडनेच डोके दुखत असेल तर त्याच्यावर ठपका ठेवणे कठीण आहे. डेव्हिस येथील संशोधकांनी २०२३ मध्ये असा तर्क मांडला, की उन्हात वाढलेल्या द्राक्षांच्या सालीत अधिक असणारे क्वेर्सेटिन नावाचे द्रव्य शरीरात गेल्यावर अल्कोहोलच्या विघटनात अडथळा आणते आणि त्यामुळे डोके दुखते. हा तर्कच आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे. हृदयाच्या नावाखाली वाइन घेऊ नये. अल्कोहोलचे आरोग्याला सुरक्षित असे कोणतेही प्रमाण नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने जानेवारी २०२३ मध्ये स्पष्ट केले आहे. आपल्याला दर वेळी त्रास होत असेल तर आस्वाद हुंगण्यापुरता आणि थुंकण्यापुरता ठेवावा किंवा वाइन सोडून द्यावी, आणि डोकेदुखीबद्दल डॉक्टरांना विचारावे.

प्रश्न : घरी वाइनचे खास ग्लास नाहीत. स्टीलचे पेले चालतील का? आणि वाइन ‘श्वास घेण्यासाठी’ ओतून ठेवतात, त्यासाठी आजीचा पितळी तांब्या वापरला तर?
— एक वाचिका, नाशिक

उत्तर : स्टीलच्या पेल्याने चव बिघडत नाही, पण रंग दिसत नाही आणि रुंद तोंडातून वास निसटून जातो. चाखण्यासाठीच्या प्रमाणित ग्लासाची आंतरराष्ट्रीय मोजमापे १९७७ मध्ये ठरली. तो खाली फुगीर, तोंडाशी निमुळता, जेमतेम २१५ मिलिलिटरचा असतो आणि त्यात फक्त ५० मिलिलिटर वाइन घेतात. तोंडाशी निमुळता असलेला कोणताही पातळ काचेचा पेला तेवढाच भरला तर काम भागते. तांब्याचे मात्र मनातून काढून टाकावे: वाइन ताकासारखीच आंबट असते आणि बिनकल्हईच्या पितळेत ती कळकेल. तरुण, तुरट वाइन अर्धा तास हवेत ठेवायची असेल तर काचेचा साधा जग पुरतो, आणि तो आधी हुंगून पाहावा, कारण घरातल्या जगाला सरबताचा किंवा भांडी घासण्याच्या साबणाचा वास हमखास असतो.